केमिकल कंपनीला आग लागली की सगळ्यात आधी शेजारची पोरं धावतात, त्यांना शिकवतंय कोण?

23 मे 2024. डोंबिवली एमआयडीसीतल्या अमुदान केमिकल्समध्ये रिअ‍ॅक्टरचा स्फोट झाला. लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या आणि काही वेळातच धुराचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरू लागले. डोंबिवलीकरांसाठी हे नवीन नव्हतं. 26 मे 2016 ला तिथल्याच प्रोबेस कंपनीत झालेल्या स्फोटात 12 जणांचा जीव गेला होता. दोन्ही वेळेला चर्चा एकच झाली, कारखाने हलवा.

ही चर्चा व्हायलाच हवी. पण कारखाने हलेपर्यंत माणसं तिथेच राहणार आहेत. आणि आग लागली की फायर ब्रिगेडची गाडी ट्रॅफिकमधून वाट काढेपर्यंत तिथे आधी पोहोचतात ते शेजारच्या कंपनीतले कामगार, रिक्षावाले, नाक्यावरची पोरं. धावून जाणं ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट आहे. केमिकलच्या आगीत मात्र हेच धावणं जीवावर बेततं.

हे किती खरं आहे ते समजून घ्यायला अमेरिकेतल्या एका छोट्या गावाची गोष्ट बघावी लागते.

गावाचं नाव वेस्ट. राज्य टेक्सास. (नावात वेस्ट असलं तरी हे गाव टेक्सासच्या पश्चिमेला नाही, मध्यभागी आहे.) वस्ती तीन हजारांच्या आत. एवढ्या छोट्या गावाला पगारी फायर ब्रिगेड परवडत नाही, त्यामुळे गावातलीच माणसं स्वयंसेवक म्हणून हे काम करतात. दिवसभर आपापली नोकरी, शेती, धंदा करायचा आणि कॉल आला की निघायचं. गावात 1960 च्या दशकापासून खतांचं एक गोदाम होतं. पुढे गाव वाढत वाढत त्याच्या जवळ गेलं. शेजारी शाळा, अपार्टमेंट, वृद्धांचं नर्सिंग होम. डोंबिवलीच्या वाचकाला हे वर्णन ओळखीचं वाटेल.

17 एप्रिल 2013 ला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गोदामाला आग लागल्याचा कॉल आला. स्वयंसेवक काही मिनिटांत पोहोचले, पाईप काढले, पाणी मारायच्या तयारीला लागले. कॉल आल्यापासून साधारण 20 मिनिटांत आत साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. 15 जण गेले. त्यातले 12 जण मदतीला धावून आलेले होते. 260 पेक्षा जास्त लोक जखमी झाले.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने याचा तपास केला आणि 2016 मध्ये अंतिम अहवाल दिला. गोदामात खत आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण आगीत सापडलं तर ते फुटू शकतं आणि अशा वेळी जवळ न जाता परिसर रिकामा करायचा असतो, हे स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात नीट शिकवलेलंच नव्हतं. आग लागण्याआधी त्या जागेसाठी काही प्लॅनही केलेला नव्हता. घटनास्थळी कुणी एकाने सूत्रं हातात घेऊन ‘मागे व्हा’ म्हणावं, अशी पद्धतही तिथे बसलेली नव्हती. हिंमत कुणातच कमी नव्हती.

आपल्याला यासाठी टेक्सासला जायची खरं तर गरज नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र होता. जवान पाणी मारत राहिले आणि जहाज फुटलं. त्यात गेलेल्या 66 जवानांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो.

मग स्वयंसेवकाला शिकवायचं तरी काय?

अमेरिकेच्या नियमात घातक रसायनांच्या घटनेसाठी पायऱ्या ठरवलेल्या आहेत. पहिल्या पायरीच्या माणसाने धोका ओळखायचा आणि कळवायचं. बस्स. त्याने पुढे काही करायचंच नाही. दुसऱ्या पायरीसाठी किमान 8 तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि तरीही काम लांबूनच करायचं, म्हणजे पसरणारं रसायन अडवायचं, लोकांना वाचवायचं. प्रत्यक्ष जवळ जाऊन गळती बंद करणारा तिसऱ्या पायरीवरचा, त्याला किमान 24 तासांचं प्रशिक्षण. कागदावर हे कंटाळवाणं वाटतं, पण ‘तू इथेच थांब’ हे आधी शिकवलेलं असणं हाच यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

आपल्याकडे स्वयंसेवक नाहीत असं नाही. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत देशातल्या 350 जिल्ह्यांत 1 लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. 12 दिवसांचं प्रशिक्षण, किट, विमा, सगळं आहे. योजना चांगलीच आहे. फक्त जिल्हे निवडताना जे धोके धरले ते पूर, दरड, चक्रीवादळ आणि भूकंप हे होते. कोल्हापूर-सांगलीला याचा उपयोग आहेच. पण डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे इथल्या माणसाचा रोजचा धोका वेगळा आहे. माझं मत विचाराल तर या पट्ट्यांतल्या आपदा मित्रांना बोटीइतकंच केमिकलचं प्रशिक्षण मिळायला हवं.

आता गंमत बघा. यासाठी नवा कायदा लागतच नाही. भोपाळनंतर 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्याने आजूबाजूच्या लोकांना धोका काय आहे आणि अपघात झाला तर काय करायचं, काय नाही, हे कळवणं त्यात बंधनकारक आहे. कारखान्याबाहेरच्या आपत्ती आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा घ्यायची आहे. 1996 च्या नियमांनी जिल्ह्याला आणि औद्योगिक पट्ट्याला ‘क्रायसिस ग्रुप’ दिले. स्थानिक ग्रुपच्या कामात लोकांना माहिती देणं आणि प्रशिक्षण देणं, दोन्ही येतं. जिल्ह्याच्या ग्रुपचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी.

तुम्ही एमआयडीसीजवळ राहत असाल तर आठवून बघा, शेजारच्या कंपनीचं असं एखादं पत्रक कधी हातात पडलंय? 7 मे 2025 ला देशभर सायरनचं मॉक ड्रिल झालं, तेव्हा मुंबईबरोबर उरण आणि तारापूरही यादीत होतं. ते युद्धाच्या तयारीसाठी होतं. केमिकलसाठीची तालीम तर नियमाप्रमाणे दरवर्षी व्हायला हवी.

तोवर तुमच्या हातात काय आहे?

हायवेवरच्या केमिकल टँकरवर एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे एलपीजी, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन. टँकर उलटला तर लांबूनच हा नंबर वाचा, नाहीतर फोनचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि 101 किंवा 112 ला फोन करून सांगा. कारण कोणत्या केमिकलवर पाणी चालतं, कुठे फोम लागतो आणि लोकांना किती लांब न्यायचं, हे त्यावरूनच ठरतं. गळणारं पेट्रोल भरायला कॅन घेऊन जाऊ नका. 2017 मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ असा टँकर पेटला आणि 200 हून जास्त माणसं गेली. वाऱ्याची दिशा बघा, वारा ज्या बाजूने येतोय तिकडे सरका. घरात गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 ला फोन लावा.

आणि तुमच्या भागातल्या क्रायसिस ग्रुपची शेवटची बैठक कधी झाली, मॉक ड्रिल कधी झालं, हे माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारता येतं. अर्जाची फी 10 रुपये आहे.