सर्व्हे नंबर नसलेल्यांची हरकत

"तुमचा सर्व्हे नंबर कोणता?"

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कचेरीत मी रस्त्याबद्दलची सूचना घेऊन गेले होते. सूचना साधी होती. वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत पायी जाणाऱ्यांना कडेने धड चालता यावं, उघड्या गटारावर फरशा बसवाव्यात, दोन दिवे लावावेत. खाली चौदा बायकांच्या सह्या आणि अंगठे. टेबलामागच्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "आमची जमीन जात नाही साहेब. आम्ही त्या रस्त्याने रोज चालतो." "मग हरकत कशाला?" साहेब खरंच गोंधळले होते. माणूस वाईट नव्हता. पण जिची जमीन नाही तिचंही रस्त्याबद्दल काही म्हणणं असू शकतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. सातबाऱ्यावर आपल्यापैकी कितीजणींचं नाव आहे? मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशाने २००५ मध्ये. तरी तलाठ्याच्या दप्तरात भावाचंच नाव चढतं आणि बहीण हक्कसोड लिहून देते. म्हणजे आधी जमिनीतून वगळायचं आणि मग जमीन नाही म्हणून रस्त्यातूनही!

कायदा असं काही म्हणत नाही, हे ध्यानात ठेवा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती व सूचना मागवाव्याच लागतात, आणि त्या कुणीही देऊ शकतं. मुदत तीस दिवसांची. मीरा-भाईंदरचा नवा प्रारूप आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हीच पद्धत होती. जाहिरात राजपत्रात आणि वर्तमानपत्रात. आता भाईंदरला चार घरची धुणीभांडी करून दुपारी घरी येणारी बाई राजपत्र वाचते का? नकाशा बघायला जायचं तर कचेरीच्या वेळात, म्हणजे एका दिवसाचा खाडा. आणि नकाशा समोर पसरला तरी त्यात पिवळे-हिरवे चौकोन आणि आकडे. आमच्यातल्या एका मावशीने असाच एक नकाशा बघून विचारलं होतं, "बाय गो, यात आपलं देऊळ कुठलं?" तिला देऊळ सापडलं असतं तर तिथून पुढचा प्रत्येक खड्डा तिने बोट ठेवून दाखवला असता.

मी मोरव्यात राहते. मुर्धा, राई, मोरवा ही भाईंदर पश्चिमेची गावं, स्टेशनकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावरची. इथे एकेकाळी ग्रामपंचायत होती. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, पुढे आमची गावंही तीत विरली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका आली. शहर झालो म्हणून आम्ही खूश. पण त्यात ग्रामसभा गेली, हे फार कुणाच्या लक्षात आलं नाही. ग्रामपंचायत असलेल्या गावात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेतलीच पाहिजे, अशी तरतूद महाराष्ट्रात २००३ पासून आहे. ती किती नीट पाळतात हा भाग वेगळा, पण भांडायला कायद्याचा आधार तरी आहे. शहरात गेलेल्या गावातल्या बाईला तेवढंही नाही. महापालिकांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली. ती कुठे, कधी भरते, आपापल्या वॉर्डात विचारून बघा.

गाव एकत्र येत नाही, असं मात्र म्हणू नका. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्धा-मोरवा भागात येणार म्हटल्यावर गावं पेटून उठली, बाया पुढे होत्या, आणि कारशेड अखेर डोंगरीकडे सरकली. (तिथल्या झाडांचं दुःख वेगळंच, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.) पण तिथे प्रश्न घराचा आणि जमिनीचा होता. चालण्याच्या वाटेसाठी गाव असं उठत नाही, कारण वाटेला मालक नाही आणि तिच्यावरून चालणारीला घरात मत नाही.

चालतं कोण, हेही बघू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्या बायकांपैकी ४५.४ टक्के पायी जातात. पुरुषांत हेच प्रमाण २७.४ टक्के. शिवाय जनगणनेने फक्त कामाची वाट विचारली. बालवाडीत पोर सोडणं, रेशनची रांग, दळण, सासूला दवाखान्यात नेणं, हे सगळं एका फेरीत करणाऱ्या बाईची वाट वाकडीतिकडी असते, आणि ती कुणीच मोजलेली नाही. आराखड्यात घर ते ऑफिस अशी सरळ रेघ आणि तिच्यावर मोटार.

सायकलचं नाव काढलं की आपल्याच बैठकीत कुणी हसतं. ट्रॅकसूट घालून रविवारी पहाटे निघणाऱ्या साहेबलोकांची चैन ती! पण तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या साक्षरता मोहिमेत शेतमजूर आणि खाणीत राबणाऱ्या हजारो बाया सायकल शिकल्या. पाण्याची घागर, पोर, बाजार सगळं सायकलवर. बसची वाट बघणं आणि नवऱ्याला विचारणं दोन्ही सुटलं. आमच्याकडची दहावी झालेली मुलगी कॉलेजला सायकलने का जात नाही? सायकल नसते म्हणून नव्हे. डंपर अंगावर येतो म्हणून, आणि डंपरचं निमित्त करून बाप तिला घरी बसवतो म्हणून. पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, ८२४ किलोमीटरचा. नागरिकांच्या बैठका झाल्या होत्या. कागद चांगला आहे. पण पुण्याच्या मैत्रिणींना विचारा, त्यातल्या किती किलोमीटरवर मुलीला एकटीला पाठवाल?

एक तक्रार आपल्या चळवळीशीही आहे. हुंडा, दारू, मारहाण यांवर आपण मोर्चे काढले, काढायलाच हवेत. फुटपाथ मात्र आपल्याला किरकोळ वाटतो. मग तो विषय 'सुरक्षितता' या नावाने दुसरेच लोक उचलतात आणि उत्तर मिळतं कॅमेरा, नाहीतर 'सातच्या आत'. आम्हाला कॅमेरा नको. उजेड हवा, माणसांची वर्दळ हवी आणि डोक्यावर पाटी घेऊन दोघी शेजारी-शेजारी चालू शकतील एवढी जागा हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत वस्तीतल्या फुटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेला फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. म्हणजे आपण दान मागत नाही.

व्हिएन्ना शहरात १९९१ मध्ये एक प्रदर्शन भरलं होतं: आठ बायका-मुलींचा एकेक दिवस, त्या कुठून कुठे चालतात, कुठे थांबतात, त्याची छायाचित्रं. शहरातल्या नियोजनाला तिथून वळण लागलं. पुढे एका भागात फुटपाथ रुंद झाले, दिवे वाढले. त्यासाठी मोठा सल्लागार लागला नाही. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, शिवारफेरी. ती आता रस्त्यावर काढू.

आमच्या गटाने ठरवलं आहे. पावसाळा सरल्यावर पहिल्या रविवारी मोरव्यापासून स्टेशनपर्यंत पायी, आणि तीच वाट एका कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला पुन्हा. पोरांना कडेवर घेऊन, म्हाताऱ्यांचा हात धरून. जिथे खाली उतरून गाडीच्या वाटेत चालावं लागेल तिथे खडूने खूण, जिथे अंधार तिथे दुसरी खूण. मोजपट्टी एक, वही एक. मग तोच कागद हरकत म्हणून द्यायचा, पोच घ्यायची, सुनावणी गावातच आणि संध्याकाळी घ्या असं लेखी मागायचं. सर्व्हे नंबराच्या रकान्यात काय लिहायचं यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. शेवटी प्रत्येकीने आपण रोज किती पावलं चालतो ते लिहायचं ठरलं. मोजायला सुरुवात केली आहे. तुमच्या गावी असं काही करणार असाल तर कळवा, खडू आम्ही पाठवू.