कृत्तिकांची जुनी मोटार

कार्तिकांत दिवेलागणीनंतर पूर्वेकडे पाहिलें असतां कृत्तिकांचा लहानसा पुंजका वर चढतांना दिसतो. सहा कृत्तिकांनीं स्कंदाचें संगोपन केलें व म्हणून तो कार्तिकेय झाला, ही कथा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं आजीच्या मांडीवर ऐकलेली असेल. याच पुंजक्याला जपानी लोक 'सुबारू' म्हणतात व त्या नांवाची एक मोटार त्या देशांत तयार होते, हें मात्र सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानांत नाकाजिमा नांवाचा विमानांचा मोठा कारखाना होता. युद्धांत पराभव झाल्यावर त्याचे अनेक तुकडे करण्यांत आले. १९५३ सालीं त्या तुकड्यांपैकीं पांच कंपन्यांनीं पुन्हां एकत्र येऊन 'फूजी हेवी इंडस्ट्रीज' ही संस्था उभारली. 'सुबारू' या शब्दांत एकत्र येणें असाहि अर्थ आहे. म्हणून मोटारीच्या बोधचिन्हांत एक मोठा व पांच लहान तारे आहेत. वाटणी होऊन वेगळ्या चुली मांडलेले भाऊ पुन्हां एका पंक्तीस बसल्याचें आपल्याकडे क्वचितच ऐकूं येतें. त्यामुळें ही हकीकत आम्हांस विशेष गोड वाटली. १९५८ सालीं त्यांची पहिली चिमुकली मोटार बाजारांत आली आणि २०१७ पासून खुद्द संस्थेनेंच सुबारू हें नांव धारण केलें. आपल्या देशांत ही कंपनी आज मोटारी विकत नाहीं. तथापि या शतकाच्या पहिल्या दशकांत तिची 'फॉरेस्टर' ही गाडी शेव्हरोलेट या अमेरिकन नांवानें येथें मिळत असे.

हें सर्व आठवण्यास कारण आमच्या धाकट्या भगिनीचें पत्र. तिचा मुलगा अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत नोकरीनिमित्त राहतो. त्याच्यापाशीं २००७ सालची फॉरेस्टर आहे, तीहि दुसऱ्याकडून विकत घेतलेली. गाडी आजवर १,९८,००० मैल, म्हणजे सुमारें ३ लक्ष १८ हजार किलोमीटर चालली आहे. आमची भाचेसून तेथील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम करते. आठवड्यांतून दोन-तीनदां तिची रात्रपाळी असते आणि घाटांतील तीस मैलांचा रस्ता, हिवाळ्यांत बर्फांतून, ती एकटी या गाडीनें कापते. आमच्या मेहुण्यांचें म्हणणें असें कीं, सुनेला असल्या जुनाट गाडींत बसविणें हा शुद्ध अविचार असून गाडी तात्काळ विकून टाकावी. भाच्याचें म्हणणें असें कीं, गाडी उत्तम आहे. तिला मोठा पडदा असलेलें ध्वनियंत्र, लखलखीत दिवे व उंची वाढविण्याचा संच बसवावा, म्हणजे ती नव्यासारखी होईल. दोघेहि हट्टी. शेवटीं भगिनीनें लिहिलें, "दादा, तूंच आतां त्याला चार शब्द लिही."

आम्ही यंत्रज्ञ नव्हे. परंतु भाच्यानें गाडीचें दुरुस्ती-पुस्तक, आधीच्या मालकाच्या पावत्या व गाडीचीं छायाचित्रें पाठविलीं; तीं सर्व आम्ही मन लावून पाहिलीं आणि आमच्या ओळखीच्या एका जुन्या फिटरासमोर ठेवून शंका विचारून घेतल्या. जीं कुटुंबें एकच वाहन पुष्कळ वर्षें वापरतात त्यांसहि यांतील कांहीं भाग उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

या गाडीच्या इंजिनाची रचना निराळी आहे. सामान्य मोटारींत सिलिंडर उभे असतात. सुबारूंत ते आडवे, दोन डावीकडे व दोन उजवीकडे, असे निजविलेले असतात. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळीं बाहेर जातात व एकाच वेळीं आंत येतात, म्हणून त्यास मुष्टियोद्ध्याची उपमा देऊन 'बॉक्सर' म्हणतात. १९६६ पासून कंपनीनें हीच परंपरा चालविली आहे. इंजिन बसकें असल्यानें गाडीचा भार जमिनीशीं राहतो व वळणावर ती फारशी कलत नाहीं. सिलिंडर आडवे असल्यामुळें त्यांचें तोंड झांकणारें हेड व त्यामधील गॅस्केट हींहि बाजूला उभीं असतात, आणि त्यांच्या खालच्या कडेशीं गाडी बंद असतांनाहि तेल व कूलंट साचून राहतात. अडीच लिटरच्या जुन्या इंजिनांत याच कडेनें वर्षानुवर्षांनीं पाझर सुटतो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. कित्येकांनीं नुसती ओल पाहून घाबरून हजारों डॉलर खर्च केले आहेत. त्याची गरज नसते. कड नुसती दमट दिसत असेल तर ती पुसून तारीख लिहून ठेवावी व महिन्यानें पुन्हां पाहावें. जमिनीवर थेंब पडूं लागले, कूलंटची पातळी उतरूं लागली, किंवा इंजिन तापल्यावर गोडसर वास येऊं लागला, तर मात्र हयगय करूं नये. आणि तापमानाचा कांटा वर चढलेला असतां 'घर जवळच आहे' म्हणून गाडी कदापि हांकूं नये. हेड ॲल्युमिनियमचें असतें. तें एकदां वाकलें कीं पाझराच्या ठिकाणीं मोठें संकट उभें राहतें. गॅस्केट बदलण्याची वेळ आलीच, तर अनेक थरांच्या पोलादी पत्र्याची गॅस्केट घालावी व हेडचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावा. जुन्या गाडींत खरी सुधारणा म्हणावी ती अशी. कोणाच्या डोळ्यांस ती दिसत नाहीं इतकेंच.

आतां टायमिंग बेल्ट. आमचा आणि भाच्याचा खरा वाद येथेंच झाला.

इंजिनाच्या पुढच्या बाजूस दात्यांचा एक रबरी पट्टा असतो. मधोमध क्रँकशाफ्ट फिरतो, त्याच्या तालावर दोन्हीं बाजूंचे व्हॉल्व्ह उघडावे-मिटावे, ही व्यवस्था तो राखतो. या इंजिनांत पट्टा तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह व बाहेर येणारे पिस्टन यांची टक्कर होते आणि क्षणार्धांत इंजिन निकामी होतें. तुटण्यापूर्वीं पट्टा बहुधा कसलाहि आवाज करीत नाहीं. २०१० नंतर आलेल्या नव्या इंजिनांत कंपनीनें पट्ट्याऐवजीं सांखळी घातली; परंतु २००७ च्या गाडीस पट्टाच आहे. पुस्तकांत अमेरिकेसाठीं मर्यादा दिली आहे ती १,०५,००० मैल अथवा १०५ महिने, यांपैकीं जें आधीं भरेल तें. मागील मालकाच्या पावतीवरून पट्टा २०१५ सालीं, १,०१,००० मैलांवर, बदललेला दिसतो. भाच्यानें हिशेब केला: पट्टा ९७,००० मैल चालला, अजून ८,००० मैल शिल्लक आहेत, तेवढ्यांत एक हिवाळा सहज निघेल व त्या पैशांत पडद्याचें ध्वनियंत्र येईल. वजाबाकी बिनचूक. परंतु 'अथवा' या शब्दाकडे त्याचें लक्ष गेलें नाहीं. १०५ महिने म्हणजे पावणेनऊ वर्षें. तीं २०२४ मध्येंच संपलीं. रबर मैलांनीं झिजतें तसें उन्हाळे-पावसाळे सोसूनहि वाळतें. अव्ययें कंटाळवाणीं म्हणून वर्गांत झोपणारे विद्यार्थी पुढें असेच अडतात! आम्ही त्यास स्पष्ट लिहिलें कीं, तुझी बायको रात्रीं दोन वाजतां घाटांत असतांना ज्या वस्तूच्या तुटण्यानें इंजिन बंद पडेल, तिची मुदत संपून गेली आहे.

पट्ट्याबरोबर त्याच्या फिरत्या पुल्या, ताण देणारा टेन्शनर व पाण्याचा पंप हींहि बदलावीं. पंप याच पट्ट्यानें फिरतो. तो वर्षभरानें अडकला तर नवा पट्टाहि गेला, शिवाय सर्व उघडण्याची मजुरी पुन्हां द्यावयाची. हें काम स्वतः करणाऱ्यांनीं दोन गोष्टी जपाव्या. टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, म्हणून तो उभा धरून शेगड्यांत अगदीं सावकाश दाबावा व मग खीळ घालावी. घाईनें दाबला तर आंतून बिघडतो. दुसरी गोष्ट खुणांची. क्रँकच्या दातेरी चाकावर एक ठळक बाण असतो व एक बारीक रेघ असते. जुळवावयाची ती रेघ. बाण दिसतो मोठा व खरा वाटतो, आणि पुष्कळ लोक तोच जुळवून फसतात. पुढें कूलंट भरतांना तें धिम्या गतीनें भरावें. आडव्या इंजिनांत हवा कोंडून राहते.

परंतु या सर्वांच्या आधीं गाडी उचलून खालून पाहावी, असें आम्ही भाच्यास निक्षून सांगितलें. कोंकणांत ज्यांचीं घरें आहेत त्यांस खारी हवा लोखंडाचें काय करते तें सांगावयास नको. व्हरमाँटमध्यें समुद्र नाहीं, पण हिवाळ्यांत रस्त्यावर मुद्दाम मीठ पसरतात. कारण मिठानें पाणी गोठण्याचें तापमान उतरतें व बर्फ वितळतो. तेंच खारें पाणी चाकांनीं उडून गाडीच्या पोटाशीं बसतें. मागच्या चाकांवरील पत्रा सडला तर तें कुरूपपण आहे, पण ब्रेकच्या नळ्या सडल्या तर जिवावरचें संकट. मागच्या चाकांची सांगाडी-चौकट बोटानें खपली निघण्याइतकी खाल्ली गेली असेल, तर मेहुण्यांचेंच म्हणणें खरें मानावें आणि पट्ट्यावर एक पैहि न घालतां गाडी भंगारांत द्यावी. चौकट शाबूत असेल तर मग गॅस्केटची कड पाहावी, कारण ती उघडावयाची झाली तर पट्टा काढावाच लागतो व दोन्हीं कामांची मजुरी एकदांच पडते. म्हणून आधीं गंज, मग पाझर, मग पट्टा, हा क्रम उलटा करूं नये. ज्या घरीं वासा वाळवीनें खाल्ला आहे तेथें भिंतींस रंग देऊन काय उपयोग?

टायरांविषयीं मेहुणे व भाचा दोघांचाहि एक समज आम्हांस मोडावा लागला. सुबारूच्या चारहि चाकांना इंजिनाची शक्ति सदैव मिळते, त्यामुळें बर्फांतून ती सहज निघते. परंतु निघणें वेगळें, थांबणें वेगळें. थांबतांना प्रत्येक मोटारीला चारच चाकें असतात, आणि तेथें कामाला येतें तें टायरांचें रबर. साधें रबर थंडींत कठीण होतें. हिवाळी टायरांचें मऊ राहतें. एक टायर फुटला तर तेवढाच एक नवा घालणें, ही जी आपली संवय, ती या गाडीस मारक आहे. चारहि टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे हवेत व त्यांच्या परिघांत पाव इंचापेक्षां अधिक अंतर नसावें. झिजलेला टायर नव्यापेक्षां अधिक फेरे घेतो. तो फरक मधल्या जोडणीला अहोरात्र सोसावा लागतो व ती तापून नष्ट होते. एका घरांत चार भाऊ असतां एकालाच नवें धोतर आणलें कीं काय होतें, तें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. गाडी बंद पडून ओढून नेण्याचा प्रसंग आला, तर दोन चाकें उचलून दोन रस्त्यावर ठेवूं देऊं नये. सपाट लॉरीवर चढवूनच न्यावी.

भाच्याच्या यादींतील बाकीच्या गोष्टींबद्दल थोडकें. साध्या दिव्यांच्या कोंदणांत एल.ई.डी. दिवे कोंबले तर प्रकाश भलतीकडे पसरतो व समोरच्याचे डोळे दिपतात. त्यापेक्षां कांचेवरील पिवळी झांक घासून काढावी, खर्च फार थोडा व प्रकाश पुष्कळ. उंची वाढविली कीं चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचा कोन बिघडून त्यांचे सांधे लवकर झिजतात, शिवाय गाडी बसकी असण्याचा फायदा आपणच गमवावयाचा; आम्हांस हें खूळ मुळींच पसंत नाहीं. मागच्या बाजूस किंचित् जाड अँटीरोल दांडा घातला तर वळणावर सुख होतें, तो पुढें कधीं तरी घालावा. ध्वनियंत्रास आमची ना नाहीं. रात्रीच्या प्रवासांत गाणें सोबतीला असावें. पण तें शेवटीं.

भाच्यानें आमचें पत्र पोंचल्यावर गाडी उचलून पाहिली. मागची चौकट टणक निघाली. ब्रेकची एक नळी मात्र सडत आली होती, ती त्याच दिवशीं बदलली. डाव्या गॅस्केटची कड दमट आहे, थेंब नाहीं. ती पुसून त्यानें वहींत तारीख घातली आहे. पट्टा, पुल्या, टेन्शनर व पंप हीं सर्व नवीं झालीं. काढलेल्या पट्ट्याचें छायाचित्र त्यानें आम्हांस पाठविलें. पाठीवर आडव्या बारीक भेगा स्वच्छ दिसतात. मेहुण्यांनीं गाडी विकण्याचें आपलें मत अद्याप सोडलेलें नाहीं. परंतु हिवाळी टायरांच्या पूर्ण जोडाचे पैसे त्यांनींच धाडले, असें भगिनी लिहिते.