क्ष-किरण तंत्रज्ञ व्हायचे, पण कोणत्या दाराने?

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की डॉक्टर आणि इंजिनीअर यांच्यापलीकडे चर्चा सहसा जात नाही. मात्र रेडिओलॉजिस्ट होण्यासाठी पदवीची चार, वैद्यकीय महाविद्यालयाची चार आणि निवासी प्रशिक्षणाची पाच अशी सुमारे तेरा वर्षे लागतात, तर त्याच विभागात यंत्रावर प्रत्यक्ष काम करणारा तंत्रज्ञ दोन-तीन वर्षांत कमावता होतो. केंद्रीय कामगार विभागाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये अशा तंत्रज्ञांचे मध्यम वार्षिक वेतन ७७ हजार डॉलरच्या वर, तर एमआरआय तंत्रज्ञांचे ८८ हजारांच्या आसपास होते. त्यामुळे व्यवसाय-शिक्षण देणारी खासगी शाळा की कॉलेज, हा प्रश्न आता मराठी घरांनाही गैरलागू राहिलेला नाही.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर नियमानेच दिले आहे. तंत्रज्ञांची राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या ‘एआरआरटी’ या संस्थेने १ जानेवारी २०१५ पासून उमेदवाराकडे किमान असोसिएट पदवी असण्याची अट घातली. ही पदवी रेडिओग्राफीचीच असावी असे बंधन नाही. परंतु अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा. म्हणजेच केवळ प्रमाणपत्र देणारी शाळा किंवा रुग्णालयाचा अभ्यासक्रम अशा विद्यार्थ्याला उपयोगी, ज्याच्या हाती पदवी आधीच आहे किंवा अभ्यासक्रमाबरोबर ती मिळणार आहे. नुकत्याच हायस्कूल संपवलेल्या मुलासाठी तो मार्ग अपुरा आहे.

खरी फसगत होते ती अल्प मुदतीच्या वर्गांत. काही राज्ये ठरावीक अवयवांचेच एक्स-रे काढण्याचा मर्यादित परवाना देतात. कॅलिफोर्निया हे त्यांपैकी एक. जाहिरातीत ‘एक्स-रे टेक्निशियन’ हा शब्द ठळक असतो. त्या परवान्यावर सीटी किंवा एमआरआयचे दार उघडत नाही, हे मात्र बारीक अक्षरांत राहते. शिवाय अशा शाळांचे क्रेडिट पुढे विद्यापीठाने स्वीकारले नाहीत, तर तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांचा इतिहासही बोलका आहे. ‘कोरिंथियन कॉलेजेस’ ही साखळी २०१५ मध्ये बंद पडली आणि जून २०२२ मध्ये सरकारला तिच्या ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ करण्याचा निर्णय घ्यावा लागला.

या तुलनेत कम्युनिटी कॉलेजचे पारडे जड ठरते. राज्यातील रहिवाशांना फी कमी, पदवी हाती, रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण अभ्यासक्रमातच. अडचण आहे ती जागांची. प्रशिक्षणासाठी रुग्णालये मोजकीच विद्यार्थी घेतात, त्यामुळे प्रवेशासाठी प्रतीक्षा करावी लागू शकते. खासगी शाळा नेमकी हीच अधीरता हेरतात.

मराठी कुटुंबांसाठी मात्र आणखी एक पदर आहे, तो व्हिसाचा. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलासाठी दोन वर्षांची पदवी हा व्यवहार्य मार्ग आहे. गरज असल्यास त्याला केंद्रीय शिक्षण-साहाय्यही मागता येते. एच-४ व्हिसावरील मुलाला ते साहाय्य नाही, नोकरीची मुभा नाही आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जाही संपतो. पुढे एच-१बी मिळवायचा तर काम सामान्यतः किमान चार वर्षांची पदवी अनिवार्य असणारे लागते, आणि तंत्रज्ञाच्या नोकरीला ती अट नसते. म्हणजे एकाला जो जवळचा रस्ता, तोच दुसऱ्याला मध्येच संपणारा ठरू शकतो.

म्हणूनच शाळा की कॉलेज, या शब्दांपेक्षा तीन गोष्टी निर्णायक आहेत: अभ्यासक्रमाला ‘जेआरसीईआरटी’सारख्या संस्थेची मान्यता आहे का, परीक्षेपर्यंत पदवी हाती येते का, आणि शिक्षण संपेल त्या दिवशी विद्यार्थ्याला या देशात काम करण्याचा हक्क असेल का. पहिल्या दोहोंची उत्तरे संस्थेकडून लेखी घ्यावीत. तिसऱ्याचे उत्तर घरानेच, प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी शोधलेले बरे.