पिंपातील वाइन आणि बागायतदार

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले व वाइननिर्मात्यांना अबकारी करात सवलत दिली. बागायतदाराच्या पदरी काय पडले, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

खरडछाटणी आणि गोडीछाटणी नाशिकच्या दोन्ही प्रकारच्या बागांत होते. पण खाण्याच्या द्राक्षांना एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. अगदीच अडले तर बेदाणा करता येतो. वाइनची द्राक्षे लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची. त्यांना वायनरीखेरीज गिऱ्हाईक नाही, आणि तोडणीनंतर थांबायला सवडही नाही.

तांबड्या वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात. रंग व तुरटपणा सालीतूनच उतरतो. पुढे निवडक वाइन ओकच्या सुमारे सव्वादोनशे लिटरच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरते. थोडी उडून जाते, भांडवल अडकते, व्याज चढते. पण किंमत वाढते ती याच मुक्कामात, आणि तेथे बागायतदाराचा वाटा नसतो. तोटा मात्र त्याच्यापर्यंत पोहोचतो. २००८-०९ च्या मंदीत टाक्या भरून राहिल्या, तेव्हा नाशिकच्या अनेक बागायतदारांनी वाइनच्या वेली उपटल्या. सवलतीबरोबरच किमान भावाच्या बहुवर्षीय खरेदी-कराराची अट शासनाला घालता आली असती. ती आजही घालता येईल.