अठरा तासांमागची शिष्यवृत्ती

भीमजयंती जवळ आली की अमरावती-अकोल्यात अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. ते व्हावेतच. पण बाबासाहेबांच्या अठरा तासांमागे बडोद्याची शिष्यवृत्ती होती. १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंड मिळाले, म्हणून ते कोलंबियात पूर्णवेळ विद्यार्थी राहू शकले. मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

आज खेड्यातून अकोल्याला आलेला आमचा पोरगा दिवसा कॉलेज करतो अन् रात्री पेट्रोल पंपावर उभा राहतो. त्याने झोपावे कधी? अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. पण व्यायामाची पहाट त्याच्या वाट्याला येत नाही. त्याला वेळापत्रकाचे धडे देणे ही थट्टा आहे.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तिचा हप्ता सत्र संपताना पडला, तर तोवर पोराने आपल्या रात्री विकलेल्या असतात. हप्ता सत्राच्या आरंभीच मिळावा, यासाठी चळवळीने समाजकल्याण खात्याला जाब विचारावा, असे आम्हांस वाटते. अठरा तास मागणाऱ्यांनी आधी त्याच्या दोन वेळच्या भाकरीची हमी मिळवून द्यावी.