साडेतीन मिलिमीटरची वरखाली

मागच्या महिन्यात आपण मिक्सरच्या मोटरीबद्दल बोललो. या वेळची मोटर त्याहून कितीतरी लहान, मुठीत मावणारी. पण तिच्या टोकाला सुई होती आणि त्या सुईखाली माझ्या आईचा हात जाणार होता.

झालं असं, दिवाळीनंतर आम्ही कुळगीला मामाकडे गेलो होतो. दांडेलीहून अंबिकानगरच्या रस्त्याला लागलं की जंगलातच हे गाव येतं. काळी व्याघ्र प्रकल्प पाहायला गेलेल्यांना तिथलं वनखात्याचं शिबिर माहीत असेल. माझा मामेभाऊ दांडेलीत टॅटू काढतो. पहिल्याच संध्याकाळी आईने, वय वर्षे ६४, त्याला सांगितलं, "आईच्या मनगटावर होती तश्शी तुळस मला काढून दे."

आजी मार्चमध्ये गेली. तिची तुळस म्हणजे एक चौकोन, वर तीन फांद्या आणि बाजूला पाच ठिपके. तिच्या लहानपणी दारावर आलेल्या गोंदणाऱ्या बाईने दोऱ्याने बांधलेल्या सुयांनी ती काढली होती. आजीबरोबर तीही गेली. उरला एक फोटो.

भावाने ओसरीवर मशीन काढलं आणि केळ्याच्या सालीवर सराव सुरू केला. मामा म्हणाले, "केळी संपवायला आम्ही आहोत, तू सालं बिघडव." पण रेघ काही सलग येईना. मध्येच फिकट, मध्येच तुटक. मी इंजिनिअर, गप्प कसा बसणार? म्हटलं, व्होल्टेज वाढव. सातावरून नऊ व्होल्ट केले. रेघ तुटकच राहिली, वर साल फाटायला लागली आणि मशीन गरम झालं.

आता हे मशीन चालतं कसं ते पाहू. एडिसनने १८७६ साली विजेच्या पेनचं पेटंट घेतलं. कागदाला बारीक भोकं पाडायची आणि त्यातून शाई दाबून प्रती काढायच्या, हे त्याचं काम. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली याने तीच कल्पना कातडीसाठी वळवून टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. आजच्या रोटरी मशीनचं मूळ तिथे आहे. मोटर गोल फिरते, सुईला मात्र वरखाली जायचं असतं. म्हणून मोटरीच्या दांड्यावर एक छोटी चकती बसवतात, जिची खुंटी मध्यापासून थोडी सरकलेली असते. ती पावणेदोन मिलिमीटर सरकलेली असेल, तर सुई त्याच्या दुप्पट, म्हणजे साडेतीन मिलिमीटर वरखाली होते. यालाच स्ट्रोक म्हणतात. छटा भरायला सहसा कमी स्ट्रोक घेतात, ठसठशीत रेघेला जास्त.

भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची." हे वाक्य मी ऑफिसात दर आठवड्याला नव्या मुलांना ऐकवतो!

मग आम्ही क्रमाने गेलो. आधी वीज बंद. चकती बोटाने हळूच पुढे-मागे फिरवली. सुई लगेच हलायला हवी होती. इथे चकती किंचित फिरायची आणि मोटरीचा दांडा जागच्या जागी. चकतीला दांड्यावर धरून ठेवणारा बारीक स्क्रू अर्धा आटा सैल होता. हवेत मशीन छान गुणगुणायचं, पण सालीला टेकलं की चकती घसरायची आणि ठोके चुकायचे. मी व्होल्टेज वाढवून घसरण वाढवत होतो. ॲलन कीने स्क्रू आवळला, बस्स.

दुसरं, सुई किती बाहेर येते ते. ती दोन मिलिमीटर येत होती, भावाने दीडवर आणली. शाई कातडीच्या वरच्या थराखालच्या थरात बसावी लागते. फार वर राहिली तर काही आठवड्यांत निघून जाते, फार खोल गेली तर रेघेभोवती निळसर धुरकट डाग पसरतो. वयाबरोबर कातडी पातळ होते, म्हणून आईसाठी सगळंच एक पायरी हलकं.

तिसरं व्होल्टेज, आणि त्याच्या जोडीला हाताचा वेग. हे गणित मला फार आवडलं. सुई सेकंदाला १०० ठोके मारते आणि हात सेकंदाला २० मिलिमीटर सरकतो असं धरा. दोन ठिपक्यांमधलं अंतर झालं ०.२ मिलिमीटर. सुई ०.३५ मिलिमीटर जाडीची असेल, तर ठिपके एकमेकांवर चढतात आणि रेघ सलग दिसते. हात दुप्पट वेगाने गेला, तर अंतर ०.४ आणि रेघ तुटली. म्हणजे व्होल्टेजचा एकच बरोबर आकडा नसतो, तो ज्याच्या त्याच्या हाताशी जुळवायचा असतो. भावाचा हात सावकाश. त्याला साडेसहा व्होल्ट पुरले.

आईचा हट्ट होता की हे काम तिथेच, अंगणातल्या तुळशीसमोर व्हावं. भाऊ ठाम. "आत्या, अंगणात नाही. दुकानात ये. आणि आधी डॉक्टरांना विचार." तिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी साखर तपासून होकार दिला, तेव्हा कुठे आम्ही दांडेलीला गेलो. नवे हातमोजे, मशीनवर प्लॅस्टिकचं वेष्टन आणि सीलबंद सुई, जी त्याने आईसमोर फोडली. एकच सुई दोघांना वापरली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा धोका असतो. तुम्हीही टॅटू काढणार असाल, तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, लाजू नका. आणि टॅटूनंतर एक वर्ष रक्तदान करता येत नाही, हे मंडळाच्या शिबिराआधी लक्षात असू द्या.

माझ्या कामात चुकलं तर कालची आवृत्ती परत आणता येते. इथे ती सोय नाही. सारी चूक त्या सालींवरच करून संपवायची होती.

चाळीस मिनिटं लागली. आई हूं की चूं न करता बसली होती. शेवटचे पाच ठिपके राहिले, तेव्हा भाऊ थांबला आणि फोटो पुन्हा जवळ घेतला. आजीचा एक ठिपका जरा ओळीबाहेर होता. "आत्या, हा सरळ करू?"

"नको," आई म्हणाली. "तिचा होता तिथेच असू दे."