एसएमपीएसवर काटकसर नको

आपल्या शाळेतील मोठ्या वर्गांतले काही विद्यार्थी सुटे भाग आणून घरीच संगणक जोडू लागले आहेत. ही कौतुकाची गोष्ट आहे. भाग कोणी बेळगावातून आणतो, कोणी कोल्हापुरातून, कोणी ऑनलाइन मागवतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, यावर घरात चार-चार दिवस चर्चा होते. एसएमपीएसचा विषय मात्र 'कॅबिनेटबरोबर आलाय की' एवढ्यावर संपतो. आमच्या मते काटकसर करायची तर ती इतर कुठेही करावी, इथे करू नये.

एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्ट एसी विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी विजेत रूपांतर करतो. संगणकाचा प्रत्येक भाग त्याच्यावर जगतो. तो कमी पडला तर संगणक मध्येच बंद पडतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होतो. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळताना कधी कधी मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन जातो. वाचवलेले हजार-दीड हजार रुपये मग दहापट होऊन खिशातून जातात. कमी व्होल्टेजवर विहिरीची मोटार चालवली की वाइंडिंग जळते, हे आपल्याकडच्या शेतकरी पालकांना सांगायला नको.

मग एसएमपीएस किती वॅटचा घ्यावा? गणित सोपे आहे. इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून ओळखला जातो, पण पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड व रॅमचे ५०, डिस्क आणि पंख्यांचे २५ धरा. बेरीज १९० च्या आसपास येते. थोडी मोकळीक ठेवून ४०० ते ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. त्यात आरटीएक्स ३०६० सारखे १७० वॅटचे ग्राफिक्स कार्ड घातले, की बेरीज ३६० होते. अशा वेळी ५५० वॅट घ्यावा. कार्ड बनवणारी कंपनीही तेवढाच सुचवते. उगाच ८५० वॅटचा घेऊन मिरवण्यातही अर्थ नाही.

वेष्टनावरच्या मोठ्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. दहावीच्या विज्ञानात शिकलेले सूत्र इथे उपयोगी पडते: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. तिथे १६ अँपिअर असतील तर १९२ वॅटच मिळणार, बाहेर '४५० वॅट' छापलेले असले तरी. ३० अँपिअर असतील तर ३६० वॅट मिळतील. त्याबरोबर '८० प्लस' हे चिन्ह आणि किमान ३ वर्षांची वॉरंटी पाहावी.

आपल्या भागासाठी आणखी दोन गोष्टी. खेड्यात उन्हाळ्यात पंप सुरू झाले, की व्होल्टेज उतरते. म्हणून लेबलवर इनपुट '२०० ते २४०' ऐवजी '१०० ते २४०' असलेला एसएमपीएस घ्यावा. दुसरे म्हणजे यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. सामान्यतः ३६० वॅटच असतात. ग्राफिक्स कार्डवाल्या संगणकाला तो अपुरा पडेल.

विद्यार्थ्यांना एक ताकीद. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चे लाल बटन असेल तर ते २३० वरच आहे ना, हे सुरू करण्याआधी पाहा.

विश्वस्त मंडळासही आमची विनंती आहे. संगणक कक्षासाठी कोटेशन मागवताना सर्वांत कमी रकमेला होकार देण्याची आपली रीत आहे. देणगीच्या पैशाचा हिशेब द्यायचा असतो, हे आम्ही जाणतो. पण कोटेशनमध्ये नुसते 'कॅबिनेट एसएमपीएससह' असे लिहिलेले असेल, तर विक्रेता बचत कुठे करणार हे उघड आहे. एसएमपीएसची कंपनी, १२ व्होल्टवरील अँपिअर आणि वॉरंटी वेगळ्या ओळीत लिहून मागावी. मगच दरांची तुलना करावी. पावसाळ्याआधी कक्षाचे अर्थिंगही तपासून घ्यावे. एका टेबलावर दोन-तीन मुले बसतात. बंद पडलेल्या एका संगणकामुळे तितक्या मुलांचा तास बुडतो.

पालकांनी मुलांना महागडे कार्ड घेऊन दिले नाही तरी चालेल, ते पुढच्या वर्षीही बसवता येते. एसएमपीएस मात्र पहिल्याच दिवशी चांगला घ्यावा, आणि तो निवडण्याची बेरीज मुलांकडूनच करून घ्यावी.